फक्कीचा गोल

मोजणीदाराच्या वाट्याला शाबासकी फारशी येत नसे, त्यामुळे काल रात्री बायको जे म्हणाली ते तो सकाळीही मनात घोळवत होता. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा काहीतरी शहाणपणाचं केलंत," असं ती म्हणाली होती.

केलं काय होतं, तर नव्या वसाहतीसाठी सपाट केलेल्या शेतजमिनीवर, उघड्या मुरमात, टिटवीनं चार अंडी घातली होती. पीक उभं असायचं तेव्हा ही बाई पलीकडे नदीकाठच्या गोट्यांत राहायची. आता इकडे सगळी खडीच खडी पाहून नदी सरकून आली असं तिला वाटलं असावं. मोजणीदाराचा पाय अंड्यांवर पडणार, तेवढ्यात ती अंगावर धावून आली. मग त्यानं आखणीच्या चुन्याची, म्हणजे फक्कीची, फुली मारायला हात उचलला. पण फुली म्हणजे तोडायचं झाड. वेळेवर आठवलं म्हणून स्वतःवरच खूश होऊन त्यानं अंड्यांभोवती सुबक गोल काढला.

आज येऊन पाहतो तर गोलाच्या जागी कंबरेएवढा खड्डा. टिटवी काठावर उभी राहून ओरडत होती, मध्येच गप्प होऊन खाली बघत होती.

"काका, हे काय करून ठेवलंत?"

जेसीबीवाले काका वयानं वडील. ते शांतपणे चहा पीत होते. "खांबाचा खड्डा. गोल दिसला की खणायचं, हे मला कोणी शिकवलं?"

शिकवलं त्यानंच होतं. रेघ म्हणजे रस्ता, फुली म्हणजे झाड, गोल म्हणजे खड्डा. त्याला चिडायचं होतं, पण चिडावं कोणावर तेच कळेना.

"अहो, अंडी होती तिथं."

"दिसली की. म्हणून आधी उचलून ठेवली." काकांनी हेल्मेट पुढे केलं. आत फडक्यावर ठिपक्यांची चारही अंडी होती. "म्हटलं, साहेबांनी नेमका इथेच खांब का आखला, ते साहेबच जाणोत. आता कुठे ठेवू ते लवकर सांगा. लांब नेली तर ती ओळखायची नाही."

मोजणीदारानं नकाशा उघडला. उजवीकडे गटार. डावीकडे रस्ता, तिथे दुपारी रोलर फिरणार. मागे कोणाचा तरी प्लॉट. समोर हिरवा चौकोन दिसला आणि त्याला हायसं वाटलं, पण त्या बागेत उद्या माती पडायची होती, आणि ते कामही त्यानंच लावून दिलं होतं. त्यानं नकाशा उलटा धरून पाहिला. सगळा त्याच्याच हातचा होता आणि कुठेच काही सुटलेलं नव्हतं.

"नुसती जागा म्हणून नाहीच का कुठे?"

"मला काय विचारता? आखलंय तुम्ही."

संध्याकाळी बायकोला काय सांगायचं? त्याला रडू यायला लागलं, आणि या वयात अंड्यांपायी रडू यावं याचं नवलही वाटलं. त्यानं मूठभर फक्की घेतली आणि उभ्या जागी एकदा इकडे वळला, एकदा तिकडे वळला, पुन्हा इकडे वळला. टिटवी ओरडायची थांबली होती. फक्की त्याच्या मुठीतून गळत होती.

"साहेब, तेवढे बाजूला व्हा," काका हेल्मेट सांभाळत म्हणाले. "तुमच्याभोवतीच गोल पडलाय."