मारुतीराव कोंडवाड्यात

भीमसेननं वकिलीचा काळा कोट शिवून वर्षही झालं नव्हतं, तोच निपाणीजवळच्या एका छोट्या नगरपालिकेनं त्याला मोकाट जनावरांचा नियम लिहायला सांगितलं. ऐंशी-एक्याऐंशीचा सुमार. त्यानं साध्या इंग्रजीत चार वाक्यं लिहिली. मोकाट जनावर कोंडवाड्यात न्यावं. मालकाला कळवावं. दंड भरला की सोडावं. नाही भरला तर लिलाव.

अध्यक्ष मारुतीराव हिरमुसले. "ह्यो कायदा हाय व्हय? माझ्या नातवालाबी कळंल! लोकं भ्याली पायजेत. एकच वाक्य कर. टिंब एकदम शेवटाला."

भीमसेननं कपाळाला हात लावला. मग त्याला लहर आली. त्यानं इंग्रजीतच पानभर लांब एकच वाक्य विणलं, त्यात जनावर आणि मालक यांची अशी गाठ मारली, की भल्याभल्यांना सुटू नये. सभेत ते वाचल्यावर नगरसेविका अंबुबाईनं विचारलं, "म्हंजे काय?"

"म्हंजे लई भारी!" मारुतीराव म्हणाले. नियम मंजूर.

पुढं काही दिवसांतच मारुतीरावांचीच म्हैस दावं तोडून बाजारात शिरली आणि अंबुबाईच्या कोबीच्या ढिगावर तुटून पडली. अंबुबाईनं तिला ओढत कोंडवाड्यात नेलं, भीमसेनला बोलावणं धाडलं. मागोमाग सगळा बाजार आला, मारुतीरावही धापा टाकत आले.

भीमसेननं घसा खाकरला आणि गंभीर चेहऱ्यानं नियमाचा अर्थ सांगितला, "मालकाला कोंडावं. रोज पेंढीभर कडबा घालावा. म्हशीला नोटीस द्यावी, तिचं म्हणणं ऐकून घ्यावं."

"काय?"

"तसंच लिहिलंय, अण्णा. तुमचीच सही हाय."

राखणदार मायाप्पानं अदबीनं फाटक उघडलं. "या, अण्णा."

मारुतीरावांचे कान लाल झाले. पण माणूस मानी. चारचौघांत आपलाच नियम मोडायचा कसा? धोतर सावरत ते आत गेले आणि जनावरांच्या पाण्याच्या पालथ्या डोणीवर बसले. भीमसेनला हसू आवरेना, अन् लाजही वाटली. माणूस बापाच्या वयाचा. तो स्वतः चहा घेऊन आत गेला.

"अण्णा, टिंबं टाकू का?"

"टाक रं बाबा! मूठभर टाक!"

पुढच्या सभेत ती पहिली चार वाक्यं मराठीत आणि कन्नडातही वाचली. सगळ्यांना कळली, आणि भांडणच पेटलं. शेळीला म्हशीएवढा दंड का? सणाला सोडलेल्या बैलाचं काय? दिवेलागण झाली तरी कुणी उठेना. अंबुबाईचा तर आवाज बसला. शेवटी शेळीचा दंड निम्मा झाला, आणि भीमसेननं त्याचं पाचवं वाक्य लिहिलं.