शून्य सेकंदांचा भरवसा

गुरुवारी संध्याकाळी मेथी निवडता निवडता सत्यभामाबाईंनी सुनेला शेवटचं सांगून टाकलं.

"उद्या बारा वाजता एक फोन कर. मी सांगन, पोट्टी झोपली म्हणून. ते ऐक अन् आपलं काम कर. दुसरा फोन आला, तर मी सुजाताकडे गोंदियाले चालली. मंग पाहत बस पोट्टीले अन् कम्प्युटरले, दोघायलेही."

चेतनाने मान डोलावली. सासूबाई धमकी देत नाहीत, सूचना देतात, हे तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं होतं. त्यांनी उभी हयात दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात आया म्हणून काढली होती. रायपूरच्या भनपुरी वस्तीतल्या निम्म्या पोरांना पहिली आंघोळ त्यांच्या हातची. दहा महिन्यांची रुचिता त्यांच्या मांडीवर पडली की डोळे मिटायची, जणू त्यांच्याकडे बटण असावं. अडचण नातीची नव्हती, सुनेच्या फोनची होती.

सोमवारपासून चेतना पुन्हा नोकरीवर रुजू झाली होती. ऑफिस नवा रायपुरात, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रस्ते असे रुंद की विमान उतरावं, आणि बस अशी की आली तर आली. पहिल्या दिवशी बसमध्ये बसल्या बसल्या तिने फोन केला, दूध पिली का. मग, किती पिली. मग, ढेकर आला का. बुधवारी सासूबाई म्हणाल्या, झोपली. तर हिने विचारलं, कुशीवर की पाठीवर. त्यांनी सांगितलं, कुशीवर. चहा संपेपर्यंत हिने कळ काढली आणि पुन्हा फोन लावला, अजून कुशीवरच आहे ना.

सासूबाई गोंदियाला लेकीकडे गेल्या तर नोकरी गेली, हा हिशोब सरळ होता. नवरा धम्मदीप उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये पाळ्यांवर, स्वतःची आई अकोल्याला शाळेत नोकरीवर, आणि पाळणाघराचं तर चेतना नावही काढू द्यायची नाही.

आता तिच्या कामाचं. कंपनी शाळांसाठी ॲप बनवत होती. बस कुठे पोचली, ते आईबापांना फोनवर दिसावं म्हणून. त्यामागे एकच मोठा प्रोग्राम नव्हता, लहान लहान पुष्कळ होते. एकाला बस कुठे आहे ते ठाऊक, दुसऱ्याला कोणतं पोर कोणत्या बसमध्ये ते ठाऊक, तिसरा घरी निरोप द्यायचा. सगळे वेगवेगळ्या मशीनवर बसून एकमेकांना हाका मारायचे. या हाका कशा मारायच्या, कशा ऐकायच्या, याचा जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला आणि फुकट वाटलेला एक सांगाडा होता. तो बसवणं चेतनाकडे. हाक मारायची तर पत्ता पाहिजे, आणि पत्ते सांगायला होता डीएनएस सर्व्हर, तोही असाच फुकट वाटलेला, ओपन सोर्स. त्याला नाव विचारा, तो पत्ता सांगतो. वर हेही सांगतो की हा पत्ता अमुक वेळ खरा धरा, तोवर मला परत विचारू नका.

ही वेळ लोक अर्धा मिनिट ठेवतात, पाच मिनिटं ठेवतात. चेतनाने शून्य ठेवली होती.

टीमचा प्रमुख संग्राम पुण्याहून आलेला, अविवाहित, शांत. त्याने विचारलं होतं, शून्य कशाला. ती म्हणाली होती, मधल्या मध्ये मशीन बदललं तर? आणि हाकेला ओ आली नाही, तर थांबायचं कशाला, तत्काळ पुन्हा हाक मारायची. "सर, बसमध्ये लेकरं आहेत." लेकरं म्हटल्यावर संग्रामने शून्य चालू दिलं. चार-पाच फोनवर तपासलं, झकास चाललं. तसंच राहिलं.

शुक्रवारी शाळांचे मुख्याध्यापक ॲप बघायला आले. सोबत बसचे व्यवस्थापक आले, पालक संघाचे लोक आले, दोन-तीन जण केवळ एसीसाठी आले असावेत. हॉल भरला. संग्राम बोलायला उभा राहिला आणि बरोबर बाराला, मागच्या खुर्चीत, टेबलाखाली हात घालून चेतनाने आपला हक्काचा एक फोन लावला.

घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

आता नियम असा होता की एकच फोन. पण न उचललेला फोन हा फोन धरायचा का? चेतनाने स्वतःपुरता निकाल दिला, नाही. तिने पुन्हा लावला. पुन्हा लावला. मग वाकून, टेबलाखाली काही पडल्यासारखं करून, समोरच्या घरातल्या हिरालाल काकांना फोन केला. ते रिटायर्ड इंजिन ड्रायव्हर, कानाने कमी, आवाजाने जास्त. फक्त दारातून बघून या म्हणाली. त्यांच्याकडून लगेच काही कळेना, तेव्हा कोपऱ्यावरच्या धर्मपाल किराणावाल्याला लावला. धर्मपालचाही उलट फोन येईना, तेव्हा मिलच्या गेटवर लावला आणि धम्मदीपला घरी बघायला सांगा म्हणाली.

इकडे संग्राम पाहुण्यांना म्हणाला, सगळ्यांनी आपापल्या फोनवर दाबा, 'बस कुठे आहे'. सगळ्यांनी दाबलं. सगळ्यांच्या फोनवर गोल चकरी फिरायला लागली. फिरतच राहिली. मुख्याध्यापक मंडळींना उत्तर न मिळण्याची सवय नसते. त्यांनी पुन्हा दाबलं. मग जोरात दाबलं. एक बाई शेजारच्या सरांचा फोनही दाबू लागल्या.

संग्रामने लॅपटॉप उघडला. चेतना कमरेत वाकूनच त्याच्याजवळ गेली. डीएनएस सर्व्हर बंद पडला नव्हता. बिचारा उत्तरं देतच होता. पण एकाला उत्तर द्यावं, तर ते पोचायच्या आत तोच पुन्हा तोच प्रश्न घेऊन रांगेत उभा. कोणाला उत्तर जपून ठेवायची परवानगीच नव्हती, आणि कोणाला थांबणं माहीत नव्हतं.

"चेतना," संग्राम हळूच म्हणाला, "शून्य."

तिने बसून बदललं. पत्ता अर्धा मिनिट खरा धरायचा. ओ आली नाही तर जरा थांबून विचारायचं. तरी नाही आली, तर त्याच्या दुप्पट थांबून. तोवर संग्रामने पाहुण्यांपुढे समोसे आणवले. समोसे संपता संपता पडद्यावर बस हलली, मोवा वस्ती ओलांडून पुढे निघाली, आणि एसीसाठी आलेल्यांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. 'आई', म्हणजे सासूबाई.

चेतना गॅलरीत धावली. मागे रुचिताचं रडणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"पोट्टी झोपून राहिली होती," सत्यभामाबाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता, तेच वाईट. "तिची झोप मोडू नये म्हणून मी फोन रजईत घालून ठेवला. तर हिरालालनं बेल दाबून धरली, इंजिनाची शिट्टी समजून. त्याले म्हटलं, झोपली. तो गेला, तर धर्मपाल आला. त्याले म्हटलं, झोपली होती. मंग दीप आला, हेल्मेट घालून, अंगभर लोखंडाची धूळ. मिलवाल्यायनं भोंग्यावर सांगितलं म्हणे, घरी काही झालं. त्याले पाहून तं पोट्टी अशी घाबरली का आतापर्यंत रडून राहिली. मी दवाखान्यात एका वेळेस दहा-दहा लेकरं सांभाळली बाई. पण अशी माय नाही पाहिली. मी बॅग भरून राहिली."

फोन कट झाला.

चेतनाचा अंगठा आपोआप परत लावायच्या बटणावर गेला. तिने तो तिथून उचलला. फोन पर्सच्या तळाशी, रुमालाच्या खाली टाकला, संग्रामला सांगितलं आणि बस पकडली.

रस्ता रोजचाच, पण एवढा लांब तो कधी वाटला नव्हता. तेलीबांध्याच्या थांब्यावर पर्सकडे हात गेला, तो तिने मांडीखाली दाबून ठेवला. शेजारची बाई संशयाने बघू लागली. आई स्टेशनवर पोचल्या असतील का, रुचिता कोणाजवळ असेल, कुशीवर असेल की पाठीवर. सगळे प्रश्न रांगेत उभे राहिले आणि तिने एकालाही पुढे सोडलं नाही.

घरी आली तर दारात बॅग होती, चेन लावलेली. खाटेवर सत्यभामाबाई आणि त्यांच्या मांडीवर रुचिता, झोपलेली. धम्मदीप परत पाळीवर गेला होता. चेतनाने चपला काढल्या आणि काही विचारलं नाही. सासूबाईंनी वाट पाहिली. तरी विचारलं नाही.

"गेली नाही मी," शेवटी त्याच म्हणाल्या. "सुजाताले सांगितलं, येऊन राहिली. तर तिचे फोन सुरू झाले. कोणती गाडी, खिडकीची जागा हाय का, पाणी भरलं का, गोळी घेतली का, निघाली का, अजून काहून नाही निघाली. घरातल्या घरात मी दमली. तिथं गेली तं मले न्हाणीत बी विचारून जावं लागन."

चेतना त्यांच्या पायाशी टेकली. "आई, माझं चुकलं. पण अजिबात नाही विचारायचं, असं मला जमणार नाही. तुम्ही सांगा, एकदा झोपली म्हणालात की ते किती वेळ धरू?"

"संध्याकाळलोक."

"एक तास."

"मंग मी चालली."

"दोन तास."

सत्यभामाबाईंनी बाजारात भाव करताना करतात तशी मान वळवली. "जेवणाच्या सुटीत एक फोन, निघताना एक. अन् हिरालालले एकही नाही."

"बरं. आणि नाही उचलला तर?"

"तं अर्धा घंटा थांब. तरी नाही उचलला, तं एक घंटा थांब. मी मेली तरी तेवढ्यात काही बिघडत नाही."

चेतनाने 'हव' म्हटलं आणि उठून बॅग आत नेली. चहा टाकला. कप हातात देते तोच सासूबाईंचा फोन वाजला. सुजाता. सत्यभामाबाईंनी तो सुनेच्या हातात दिला आणि स्वतः शांतपणे बशीत चहा ओतला.

"ताई, आई आता येत नाहीत," चेतना म्हणाली. "झोपल्या आहेत."

पलीकडून प्रश्न आला. चेतनाने बशीतला चहा फुरकणाऱ्या सासूबाईंकडे पाहिलं.

"कुशीवर," ती म्हणाली. "आणि ताई, आता दोन तास तरी विचारू नका."