शकुनबाईचा कोरा चहा

अकोल्यात डॉक्टरांचा काही दुष्काळ नाही. जठारपेठेत उभं राहून दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या दवाखान्याच्या पाटीवरच पडायचा. पण शकुनबाईला गुडघे दाखवायचे होते ते अमरावतीलाच. तिचा नवरा किसनराव सांगून सांगून थकले.

"अवं, इथं ऑटोत बसलं की दवाखाना. दोन घंटे एसटीत गुडघे मोडून घ्याची काय हौस हाय तुले?"

"तिथल्या डॉक्टरच्या हाताले गुण हाय," शकुनबाई म्हणायची.

गुण कसला डोंबलाचा! अमरावतीत करिश्मा होती.

करिश्मा ही त्यांची एकुलती एक लेक. तिथल्या एका क्लासमध्ये गणित शिकवायची, दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायची. चार वर्षं झाली, अकोल्याच्या घराचा उंबरा ओलांडून ती आत आली नव्हती. बापाशी फोनवर तासभर बोलायची आणि शेवटी एवढंच विचारायची, "आई बरी आहे ना?" शकुनबाई शेजारीच कान लावून बसलेली असायची. 'ती बरी आहे' असं तिच्याबद्दल तिच्यासमोर सांगितलं जायचं आणि फोन बंद व्हायचा.

अमरावतीला उतरलं की ऑटोवाल्याला ती क्लासच्या रस्त्याने न्यायला लावायची. तिथे पोरापोरींची हीऽ गर्दी. त्या गर्दीत ती डोळे ताणून बघायची. एकदा निळ्या ओढणीची पाठ दिसली, भरल्या अंगाची, आणि शकुनबाईने ऑटोचा दांडा घट्ट धरला. पण थांबव म्हणाली नाही. किसनरावांनी सगळं पाहिलं आणि काही दिसलंच नाही असं दाखवत दुसरीकडे बघत बसले.

आता झालं काय होतं, ते सांगून टाकतो. लपवण्यासारखं काही नाही, सगळ्या गल्लीला माहीत आहे. दर्यापूरकडचे पाहुणे करिश्माला बघायला आले होते. पोरगी आधीपासून अंगाने भरलेली, आणि दुधाची भारी शौकीन. सायीचा चहा म्हणजे तिचा जीव. चहापाणी झालं, मुलाच्या आईने तिला बसायला सांगितलं, तिनेही ट्रेमधला एक कप उचलला. तेवढ्यात शकुनबाईने सगळ्यांसमोर तो कप तिच्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "राहू दे वं तुले. आधीच खुर्ची कुरकुरून राहिली."

पाहुणे हसले. शकुनबाईही हसली. गंमत करून वेळ सावरावी, एवढाच तिचा हिशेब. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! करिश्मा तेवढी हसली नाही. पाहुणे गेल्यावर तिने बॅग भरली, बापाच्या पाया पडली आणि गेली. स्थळाचा नकार नंतर आला. त्याचं कोणाला काहीच वाटलं नाही.

त्या रात्री दूध तापवताना भांड्यावर जाड साय आली. शकुनबाई तिच्याकडे बघत राहिली. ही साय खाणारी आपण घालवली. तशीच देव्हाऱ्यापुढे जाऊन ती मोठ्याने बोलली, "माही लेक घरी येऊन सोताच्या हातानं मले चहा करून देईन, तवाच मी दूध घेईन. तोवर दूध नाई, दही नाई, ताक नाई, तूप नाई." किसनराव दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. तिने लगेच त्यांनाही बांधून टाकलं: "तिले सांगायचं नाई. सांगून आलेली लेक म्हंजे बोलावून आणलेला पाव्हणा."

तेव्हापासून कोरा चहा.

आणि आता गुडघे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण आधी वजन उतरवा. आहाराचं विचारायला त्यांनी शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे प्रियदर्शनी नावाची तरुण मॅडम बसायची, मोठी गोड पोरगी. तिने विचारलं, "काकू, दूध किती घेता?"

"नाई घेत."

"दही? पनीर?"

"नाई."

"अंडी चालतात?"

शकुनबाईने गळ्यातली तुळशीची माळ पुढे करून दाखवली.

"म्हणजे काकू, तुम्ही तर व्हेगन आहात!"

"नाई बाई, आमी माळी," शकुनबाई म्हणाली.

प्रियदर्शनी हसून हसून लाल झाली. मग तिने नीट समजावलं, की प्राण्यापासूनचं काहीच न खाणाऱ्याला व्हेगन म्हणतात, आणि अशा माणसाने वजन उतरवताना प्रोटीनकडे फार लक्ष द्यायचं असतं. पण शकुनबाईचं लक्ष कुठे होतं? प्रियदर्शनी बोलताना कानामागे केस सारत होती, करिश्मासारखी. त्या हाताकडेच ही बघत बसली. एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडून दिलं. घरी पोचेपर्यंत एकच गोष्ट डोक्यात उरली: वजन उतरवायचं.

आणि आपल्याकडे वजन उतरवायचा एकच रस्ता, उपास!

सोमवार होताच. त्याला गुरुवार जोडला, शनिवार जोडला, दोन्ही एकादश्या, संकष्टी तर हक्काची. उपासाला साबुदाणा, भगर, बटाट्याची भाजी. उरलेल्या दिवशी अर्धी भाकरी आणि काकडी. वरण बंद, कारण वरणासोबत भात जातो आणि भाताने पोट सुटतं, असं लीलाबाईने सांगितलं होतं. लीलाबाई म्हणजे समोरची शेजारीण, तिला न कळणारं जगात काही नाही.

वजन उतरलं ना! गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. गल्ली म्हणाली, "काय बारीक झाली वं शकुन!" आणि ही खुश. पुढच्या खेपेला ती मोठ्या तोऱ्यात अमरावतीला गेली. पण डॉक्टरांनी तिला खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं आणि ती उठूच शकली नाही. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन आत्ता नाही. अंगात ताकदच नाही, जखम भरायची कशी?"

प्रियदर्शनीने रोजचं खाणं विचारून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "काकू, उपासाला डाळ चालत नाही, दूध तुम्ही आधीच सोडलेलं. मग अंगानं खायचं काय? ते तुमचेच पाय खातंय! चरबी तशीच आहे, गेलं ते मांस." मग तिने बजावलं, की भात-भाकरी थोडी, पण वरण घट्ट आणि दोन्ही वेळा. मूग, मटकी, हरभरा, बरबटी, मूठभर शेंगदाणे. "आणि सोयाबीन खा. तुमच्याकडे तर शेतात पिकतं." शेवटी तिने हळूच विचारलं, "काकू, दूध का सोडलं? त्रास होतो का?"

"हाव," शकुनबाई म्हणाली. "लय त्रास होते."

खोटं नव्हतंच ते.

परतताना एसटीत किसनराव म्हणाले, "शकुन, घे ना वं वाटीभर दही. कोणाले दिसते?"

"मले दिसते ना," ती म्हणाली आणि बडनेरा मागे पडेपर्यंत बाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी किसनरावांनी सोयाबीनचा विडा उचलला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे विकतं, पण शिजत नाही. जन्मभर त्यांनी सोयाबीन पेरलं, काढलं, मोंढ्यावर नेलं, पण एक दाणा कधी तोंडात टाकला नाही. मुगासारखंच असेल म्हणून पातेलीभर सोयाबीन न भिजवता गॅसवर चढवलं. घंटाभर उकळून दाणे दगडासारखेच, आणि वास असा सुटला की लीलाबाई नाकाला पदर लावून दारात आली, "भाऊजी, कोणाची पेंड जळून राहिली का?" शकुनबाई कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली. हसता हसताच रडायला लागली. म्हणाली, "करिश्मा असती तं पाह्यलं असतं तुमचं हे नाटक."

किसनराव ओटा पुसायचे थांबले. बायको अशी खुर्चीत बसून वाळत जाणार आणि आपण वचन पाळत बसणार! असल्या वचनाला काडी लावा, असं त्यांच्या मनात आलं. फडकं पिळलं, चपला घातल्या, फोन घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि बऱ्याच वेळाने आले. शकुनबाईला वाटलं, बिडी ओढायला गेले असतील.

रविवारी दुपारी अंगणात ऊन होतं. शेतातून तुरीच्या शेंगा आल्या होत्या. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगांचं टोपलं पुढ्यात घेऊन शकुनबाई खुर्चीवर सोलत बसली होती. हे तिला मनापासून मानवलं होतं. पथ्यही झालं आणि जिभेलाही बरं. करिश्मा लहान असताना दोघींत शर्यत लागायची, कोणाच्या टरफलांचा ढीग मोठा. आता एकटीचाच ढीग. शर्यत काय डोंबल लावणार?

फाटक वाजलं. तिने मान वर केली, आणि हातातली शेंग हातातच राहिली.

करिश्मा उभी होती. तशीच, भरल्या अंगाची, गोल चेहऱ्याची, तेजाळ. चार वर्षांत पोरगी सुकली असेल, या धास्तीने शकुनबाईने किती रात्री काढल्या होत्या. ती सुकली नव्हती. देवा, किती बरं वाटलं तिला! तिला म्हणायचं होतं, किती छान दिसून राहिली वं तू. पण आपल्या जिभेचा तिला भरवसा नव्हता. या जिभेनेच तर लेक घरातून घालवली होती. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

करिश्माच आधी बोलली. "आई, किती वाळली वं तू."

आणि खांद्यावरची बॅगही न उतरवता ती तडक स्वयंपाकघरात गेली. किसनराव दारातून बघत होते. शकुनबाईने त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी सांगतलं?"

"हाव, सांगतलं," किसनराव म्हणाले. "काय करतं ते कर."

आत गॅस पेटल्याचा आवाज आला. फ्रिज उघडला, बंद झाला, पुन्हा उघडला.

"बाबा, दूध कुठे आहे?"

किसनराव खाकरले. "दूध नाई बेटा घरात. हिनं सोडलं, तवापासून मी बी आणलं नाई. एकट्याच्या घशाखाली उतरे नाई ते."

शकुनबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. चार वर्षं हा माणूस समोर बसून कोरा चहा प्यायला आणि म्हणाला काय, तर दुधाने पित्त होतं. आणि हिने ते खरं मानलं!

करिश्मा बाहेर आली. डोळे लाल होते. "मी आणतो. कोपऱ्यावर डेअरी आहे ना अजून? पाच मिनिटात येतो." तिने पायात चपला सरकवल्या आणि फाटकाकडे वळली. बॅग अजून खांद्यालाच होती.

शकुनबाईने ती पाठ बघितली. अशीच, हीच बॅग घेऊन, याच फाटकातून गेली होती.

ती उठली. हात टेकले की नाही, तिचं तिलाही कळलं नाही. टोपलं कलंडलं, शेंगा अंगणभर झाल्या. दोन पावलं टाकून तिने लेकीच्या बॅगेचा पट्टा धरला.

"नको जाऊ."

"अवं आई, दूध आणतो फक्त. तुही शपथ फिटन ना."

"नाई फिटली तं नाई फिटली. चुलीत जाऊ दे ती शपथ! तू बाहेर नको जाऊ. कोराच कर."

गुडघे लटपटत होते, पण पट्टा सुटत नव्हता. करिश्माने चपला काढल्या. मग बॅग काढून बापाच्या हातात दिली. "बरं," ती नाक ओढत म्हणाली. "दूध उद्या सकाळी आणतो."

उद्या सकाळी. शकुनबाईने मनातल्या मनात ते दोन शब्द पुन्हा म्हणून पाहिले.

चहा झाला. आलं घालून, काळाभोर. करिश्मा अंगणातल्या शेंगा वेचून आईच्या खुर्चीशी खाली बसली आणि सोलायला लागली. शकुनबाईने आपला कप उचलला, पण तोंडाला लावला नाही. वाकता येत होतं तेवढी वाकली आणि आपल्या कपातला अर्धा चहा लेकीच्या कपात ओतला. काठोकाठ भरला तो.

"घे वं," ती म्हणाली. "अजून घे."