माणूस येतंय

फुलंब्रीच्या स्टँडवर गाडी लागली की दारापेक्षा खिडकीतूनच जास्त सामान आत जातं. रुमाल, टोपी, पिशवी. एकदा तर कुणीतरी पाय बांधलेली कोंबडीच टाकली होती. सीटवर काही पडलं की जागा धरली गेली. कुणी विचारलंच तर म्हणायचं, "माणूस येतंय." एवढ्या दोन शब्दांवर इथले लोक वर्षानुवर्षं प्रवास करतात आणि त्यावरूनच भांडतात.

तनुजाचं मात्र कुणीच यायचं नसायचं. ती शहरात कॉलेजला जायची, खिडकीत बसायची आणि शेजारी ओढणी टाकून खुशाल थाप मारायची. कुणी रेटणारं माणूस शेजारी नको, एवढाच तिचा हिशेब. या थापेपायी सगळ्यात जास्त उभी राहिली ती कडूबाई. मेथी-शेपूची पाटी घेऊन रोज हर्सूलला उतरणारी म्हातारी, गुडघे दुखायचे, पण ओढणी दिसली की सीटला हात लावायची नाही. उलट दुसऱ्यांनाच दटावायची, "येतंय म्हणती ना पोरगी? मग थांबा की जरा."

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका सकाळी तनुजानं अशीच थाप मारली. गाडी सुटली, मध्ये कुठंही थांबली नाही, आणि चौक्याच्या घाटात शेजारून आवाज आला, "आलो बरं का."

शेजारी एक पोरगा बसला होता. चौकटीचा शर्ट, हसरे डोळे, मांडीवर तिची ओढणी घडी करून ठेवलेली. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी.

"कोण रे तू? कधी चढलास?"

"विश्वजीत. तूच म्हणलीस ना, माणूस येतंय? लई दिवसांनी कुणीतरी म्हणलं."

"आणि दुसरी चप्पल?"

"पळताना राहिली."

तनुजा खुदकन हसली. हसायला नको होतं, पण त्या वयात कोण कुणाचं ऐकतं!

मग ते रोजचंच झालं. तिनं थाप मारली की घाटात तो यायचा. नाही मारली तर नाही. आज डब्यात काय, कॉलेजात कोण काय बोललं, असलं काहीबाही विचारायचा आणि उत्तर मात्र जिवाचा कान करून ऐकायचा. कंडक्टर तिचा पास बघायचा, त्याच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. हर्सूल आलं की ती क्षणभर बाहेर बघायची आणि वळेपर्यंत सीट रिकामी झालेली असायची. हात लावला तर रेक्झिन माठासारखं गार. तनुजाला कळत नव्हतं असं नाही. कळून न कळल्यासारखं करत होती. तो तिला आवडत होता, इतका की रविवार खायला उठायचा.

एके दिवशी तो म्हणाला, "रोज तूच जागा धरतीस. उद्या मी तुझ्यासाठी धरतो."

"मग?"

"मग आपण दोघं जाऊ. पण आधीच सांगतो, मी धरलेल्या जागेवर बसलं की उतरता येत नाय."

त्यानं काही लपवलं नाही, हेच वाईट झालं. लपवलं असतं तर तिला रागावता तरी आलं असतं. तनुजा भ्यायली, आणि त्या भीतीतसुद्धा तिला जावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी स्टँडवरच खच्चून भरलेली. उभ्या माणसांच्या मधोमध दोघांची एक सीट रिकामी, आणि तिच्यावर पांढरा रुमाल, कोपऱ्यात हिरवा दोरा. जो बसायला वाकायचा तो कानात कुणी बोलल्यासारखा दचकून सरळ व्हायचा आणि मागच्यावर खेकसायचा, "माणूस येतंय म्हणून कोण बोललं रे?" मागचे बिचारे एकमेकांकडे बघायचे. खिडकीत बसलेला विश्वजीत फक्त तनुजाला दिसत होता. त्यानं रुमालावर हलकेच थोपटलं.

"ये."

ती पुढं सरकली. एवढ्यात मागं कडूबाईची पाटी पडली. मेथीच्या जुड्या सगळ्यांच्या पायात गेल्या.

"हा रुमाल..." म्हातारीनं सीटकडे बोट केलं. "हा हिरवा दोरा मी घातलाय. माझ्या विश्वजीतचा हाय हा."

"तुमचा कोण, मावशी?" तनुजानं विचारलं.

"लेक माझा. ह्याच स्टँडवर मी जागा धरून बसले होते. माझा डबा राहिला म्हणून पोरगं रस्त्यापल्याड पळालं, अन् टँकर आला. लोक म्हणत होते, म्हातारे, सरक. मी आपली म्हणतीय, माणूस येतंय, माणूस येतंय. एक चप्पल तेवढी घावली."

तनुजानं पुढं टाकलेला पाय मागं घेतला. इतके दिवस ही माय लेकापासून हातभर अंतरावर उभी होती, दुखऱ्या गुडघ्यांवर, तिच्या थापेमुळं. आणि तो बघत होता तनुजाकडे. तिनं वर पाहिलं तेव्हा विश्वजीतनं मान खाली घातली.

बसावंसं तिला फार वाटत होतं. अजूनही.

"तो इथंच हाय, मावशी. खिडकीत. पण तिथं बसलं की उतरता येत नाय."

कडूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मला कुठं उतरायचंय, बाई?"

"जागा त्यानं माझ्यासाठी धरलीय," तनुजा म्हणाली. पुढचं तिनं त्याच्याकडे बघूनच म्हटलं, "मी येत नाय. मावशी, तुम्ही बसा."

कडूबाईनं रुमाल उचलून छातीशी धरला आणि ती बसली. त्याच क्षणी तनुजाला तो दिसेनासा झाला. नुसती खिडकी राहिली, गाडी सुटली तशा बाहेर पळणाऱ्या बाभळी, आणि म्हातारीचं हळू आवाजातलं बोलणं, "किती गारठलास रे."

घाट उतरल्यावर एक जण म्हणाला, "मावशी, सरका की. खिडकीत कुणी नाय."

"दिसत नाय का? माणूस बसलंय."

हर्सूलला कंडक्टरनं घंटी मारली. कडूबाई उठली नाही. तिनं मान न वळवताच सांगितलं, "पाटी तेवढी खाली दे बाई. गिऱ्हाईक थांबलं असंल."

लोकांनी गोळा केलेल्या जुड्या पाटीत भरून तनुजा उतरली. गाडी गेली. भाजीवाल्यांतली एक जण पुढं आली, तिनं ओळखीची पाटी बघितली आणि विचारलं, "ही तर कडूबाईची. ती कुठंय? येतीय ना?"

तनुजाच्या ओठांवर सवयीचे शब्द आले होते. तिनं ते गिळले आणि पाटी खाली ठेवली.