स्वतःशी एकमत

खांद्याच्या मोडलेल्या हाडाची प्रतवारी करण्याची आमच्या रुग्णालयातील पद्धत सोपी आहे: तुकडे मोजायचे. दोन असले तर हात झोळीत, चार असले तर बहुधा सांधाच बदलायचा. चारपर्यंत मोजणे बालवाडीत येते. तज्ज्ञांना ते कितपत येते, हे तपासण्यासाठी माझी नेमणूक झाली होती. सर्जनांनी बाह्यरुग्ण विभागात वाचलेले साठ एक्स-रे आठ दिवसांनी, नावे काळ्या चिकटपट्टीने झाकून, त्यांच्याचपुढे पुन्हा ठेवायचे आणि दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहायचे, एवढेच माझे काम.

याच काळात पाट्या रंगवणारी माझी थोरली बहीण शिडीवरून पडली. विभागप्रमुखांनी तिच्या खांद्याचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला, केसपेपरवर ‘चार तुकडे’ असे लिहिले आणि कृत्रिम सांधा बसवण्यासाठी दहाव्या दिवसाची तारीख दिली.

“मग हात डोक्याच्या वर जाईल ना?” ताईने विचारले.

“केस विंचरता येतील.”

“केसांचं जाऊ द्या हो. लोक पाट्या डोक्याच्या वरच लावतात, त्याला मी काय करू?”

नियमाप्रमाणे तिचाही फोटो गठ्ठ्यात आला, क्रमांक एकतीस. आठव्या दिवशी प्रमुखांनी तो चहाचे घोट घेत पाहिला आणि कार्डावर लिहिले: दोन तुकडे, झोळी. खाली वळणदार सही.

केसपेपर आणि कार्ड मी त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवले.

“हे कोणी वाचलंय?”

“दोन्ही तुम्हीच, सर.”

त्यांनी फोटो पुन्हा लावला. पेन्सिलीच्या टोकाने मोजत राहिले. “तसं पाहिलं तर,” ते अखेर म्हणाले, “तीनही म्हणता येतील.”

“परवा यांपैकी कोणते डॉक्टर कापणार आहेत, चारवाले की दोनवाले?”

“आकडेबाई, बहिणीवर आलं तेव्हा तोंड फुटलं तुम्हाला. बाकीच्या एकोणसाठ जणांपैकी कितींची उत्तरं बदलली?”

“एकवीस.”

“त्यांच्यासाठी आला होतात का?”

त्यांनी केसपेपर ओढून घेतला. “झोळी लिहितो. पण एकतीस नंबर यादीतून काढा. फोटो अस्पष्ट होता म्हणून वगळला, असं नोंदवा.”

मी नोंदवले. अहवालात विभागप्रमुखांचे स्वतःशी एकमत ‘समाधानकारक’ भरले. माझे आणि त्यांचे तर शंभर टक्के.

घरी झोळीतला हात सावरत ताईने विचारले, “मग आधी त्यांना चार कसे दिसले गं?”

“फोटो अस्पष्ट होता.”

तिने तो डाव्या हाताने खिडकीच्या उजेडात धरला आणि पाटीचे अक्षर लांबून तपासावे तसे डोळे बारीक केले.

“कुठंय अस्पष्ट?” ती म्हणाली. “लख्ख तर आहे.”