फौजदारीणबाईंच्या हातची किटली

मित्रांनो, माझ्या अंगावरचे पोचे बघून नाक मुरडू नका. मी एक जुनी ॲल्युमिनियमची किटली आहे, पण गळकी नाही. आजही मी भरली की एका टेबलाला पुरून उरते, आणि माझ्या तोटीतून पडणारी चहाची धार कपाबाहेर जात नाही. फुशारकी वाटली तर वाटू द्या.

माझा जन्म एका गोंगाटी कारखान्यात झाला. पत्र्याची चकती यंत्राखाली गेली आणि गोल पोट घेऊन बाहेर आली. एका कारागिराने मला तोटी बसवली, मूठ ठोकली, आत पाणी भरून कुठे ठिबकते का ते पाहिले आणि म्हणाला, "जा पोरी, मार खाशील, पण टिकशील."

तिथून मी आले ती थेट एका स्वस्त चिनी खाणावळीत. बसथांब्यासमोर अरुंद दार, आत एकमेकांना खेटलेली टेबले, भिंतीवर पदार्थांची रंगवलेली पाटी. स्वयंपाकघरात भडकत्या शेगडीवर खाणावळीचा मालक, दादा, मोठी कढई हलवायचा. बाहेर वाढायला त्याची धाकटी बहीण असे. गिऱ्हाइके तिला 'फौजदारीणबाई' म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

दारात कोणी घुटमळले की ती ओरडायची, "आत यायचं की बाहेर राहायचं, ते ठरवा आधी!" कोणी पदार्थ विचारले, तर भिंतीकडे बोट दाखवायची. "डोळे दिलेत ना देवानं? वाचा." नूडल्स संपवून गप्पा छाटणाऱ्यांना म्हणायची, "झालं ना गिळून? उठा, माणसं ताटकळलीत." आणि या सगळ्याच्या आधी, माणूस बसल्या बसल्या, ती मला त्याच्यापुढे आदळायची. धाड! पहिला पोचा मला पहिल्याच आठवड्यात पडला.

मला राग येत नसे. मी तिच्या हातात असायचे, म्हणून मला ठाऊक होते की त्या हाताला उसंत कशी ती नव्हती. आणि एक गोष्ट गिऱ्हाइकांनाही ठाऊक होती. कोणी शिंकत, नाक ओढत आला आणि झणझणीत नूडल्स मागू लागला, तर ती त्याच्यापुढे गरम सूप ठेवायची. "हे मागवलं नव्हतं," तो पुटपुटायचा. "गप प्या," ती म्हणायची. तो गप प्यायचा. रोज येणारा एक बसचालक तर म्हणे, "ज्या दिवशी ही बाई ओरडणार नाही, त्या दिवशी मला जेवण पचणार नाही."

पण दिवस पालटले. समोर उंच इमारत झाली, नवी गिऱ्हाइके आली. त्यांनी फोनवर लिहिले, "जेवण झकास, वागणूक तुरुंगातली." दादा ते वाचून हबकला. तो बहिणीला म्हणाला, "तू आता आतलं बघ. भांडी, भाज्या. बाहेर मी दुसरा माणूस ठेवतोय."

"मी माणूस नाही का?" तिने विचारले.

"अगं, तसं नाही. पण लोकांना गोड बोलणारं कोणीतरी हवं असतं."

मला घासून तिने दाराजवळच्या फळीवर ठेवले आणि आत गेली. इतक्या वर्षांत तिला गप्प झालेले मी प्रथमच पाहिले.

नवा वाढपी केस पिकलेला, मोठ्या हॉटेलांत उमेदीची वर्षे घालवलेला, मनाने सज्जन होता. "यावं साहेब, बसावं साहेब," असे मऊ बोलायचा. त्याने चहासाठी काचेच्या किटल्या आणल्या. मी फळीवर धूळ खात पडले. खोटे कशाला बोलू, वाईट वाटले. पण आपली वेळ येणार याविषयी मला शंका नव्हती.

एका दुपारी खोली गच्च भरली होती. दादा मागच्या दारात भाजीवाल्याशी बोलत उभा राहिला आणि इकडे कढईतले तेल पेटले. बघता बघता ज्वाळा वरच्या तेलकट धुराड्यात शिरली. दादा धावत आला तो पाण्याची बादली घेऊनच.

"पाणी नको!" बहिणीने त्याचा हात धरला. "तेल आहे ते, भडकेल!" तिने गॅस बंद केला, मोठे झाकण कढईवर लोटले. त्यात तिचे मनगट भाजले. कढई विझली, पण धुराड्यातली आग काही विझेना. काळा धूर बाहेरच्या खोलीत पसरू लागला.

वाढपी हात जोडून सांगत होता, "साहेब, कृपा करून आपण जरा बाहेर याल का?" लोक मान वर करून बघत, "काय झालं हो?" विचारत आणि पुन्हा वाटीत डोके घालत. एकाने तर फोन काढून धुराचा फोटो घेतला.

तेवढ्यात ती बाहेर आली. तिने मला फळीवरून खेचले आणि पहिल्याच टेबलावर आदळले. धाड! मित्रांनो, असा आवाज मी आयुष्यात काढला नव्हता.

"उठा! सगळे! वाटी खाली ठेव, फोन खिशात घाल! या काठीवाल्या आजोबांना आधी काढा. ए बसवाल्या, उचल त्यांना! बाकीचे मागोमाग. ढकलाढकली केली तर याद राखा!"

एकानेही विचारले नाही की का. तिचे ऐकायची सवयच होती त्यांना. जुने उठले तसे नवेही उठले. बसचालकाने आजोबांना उचलून घेतले, वाढप्याने दार धरून ठेवले, दादाला तिने दंडाला धरून बाहेर ओढले. शेवटी ती निघाली, आणि तिच्या हातात मी.

अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत आतले छत काळेठिक्कर पडले होते. माणूस मात्र एकही राहिला नव्हता. रस्त्यावर ती उभी होती, केस विस्कटलेले, मनगट लाल. दादा तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाहेर तूच हवीस गं. माझी चूक झाली."

"हो, झाली," ती म्हणाली. "पण त्या वाढप्याला काढू नकोस. दार चांगलं धरलं त्यानं."

खाणावळ पुन्हा उघडली त्या दिवशी दारात रांग होती. तीच टेबले, नवा रंग. तिच्या मनगटावर पट्टी होती, तरी मी तिच्याच हातात होते. बसचालकापुढे तिने मला आदळले, तेव्हा त्याने वर पाहिले आणि विचारले, "ताई, तुम्ही जेवलात का?"

ती थबकली. इतक्या लोकांना तिने वाढले, पण हा प्रश्न तिला कोणी केला नव्हता. "नाही," ती म्हणाली.

तो उठला, त्याने तिला आपल्या खुर्चीवर बसवले आणि वाढप्याला हाक मारली, "एक सूप आणा." मग मला उचलून तिच्यासाठी चहा ओतू लागला.

मित्रांनो, तुम्ही कुठेही जेवायला जा, साध्या खाणावळीत जा नाहीतर थाटाच्या हॉटेलात. वाढणारे माणूस गोड बोलो की खेकसो, एवढे एकदा त्याला जरूर विचारा. उत्तर तिरके आले तरी रागावू नका. आमच्या फौजदारीणबाईंनी त्या दिवशी कप हातात घेतला, क्षणभर तोंड फिरवून डोळे पुसले आणि बसचालकाला म्हणाल्या, "अर्धाच भरलास. हात आखडता का घेतोस? भर नीट."