बिनदाराचं शहर

शिलाईच्या हॉलमध्ये जेवणाच्या सुट्टीत काजवाली मोठ्यानं वाचायची आणि चाळीस बायका ऐकायच्या. शर्टांना काजं पाडणाऱ्या मशीनवर दिवसभर असायची, म्हणून ती काजवाली. तिची उपासमार होऊ नये म्हणून शेजारणी पाळीपाळीनं तिला घास भरवत. घास तोंडात असेपर्यंत चर्चा, गिळला की पुढचं वाक्य.

सध्याच्या कादंबरीनं सगळ्यांना वेड लावलं होतं. त्यातल्या शहरात सरकारनं घरोघरची दारं काढून नेली होती. लपवण्यासारखं काही नसेल तर दार हवंच कशाला, असं सरकारचं म्हणणं.

"काहीतरीच बाई!" कॉलर शिवणारी मावशी म्हणायची. "असं कुठं असतं का?"

शेवटची वीस पानं उरली असताना हॉलच्या साहेबानं पुस्तक मागून नेलं. त्याची नजर सदानकदा मनगटावर, म्हणून बायका पाठीमागे त्याला घड्याळ म्हणत. आठवड्यानं त्यानं पुस्तक परत केलं, नव्वदाव्या पानाचा कोपरा खुणेसाठी दुमडलेला. "शिस्त काय आहे हो त्या शहरात! घेण्यासारखं पुष्कळ आहे." काजवालीला वाटलं, गंमत करतोय.

सोमवारी बायकांच्या संडासाला दार नव्हतं. एक आखूड पडदा तेवढा लोंबत होता.

"आत मोबाईल बघत बसता," घड्याळ म्हणाला. "आता बसणार नाही कोणी. आणि हो, हॉलमधलं वाचन बंद. वाचताना दिसली ती गेटबाहेर."

वाचून धडकी भरावी म्हणून कोणीतरी रक्त आटवून लिहिलेलं पुस्तक, आणि या शहाण्यानं ते कामाच्या सूचना म्हणून वाचलं होतं! काजवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याहून राग स्वतःचा आला, कारण पुस्तक त्याच्या हातात तिनंच दिलं होतं. त्या दिवशी हॉलमधल्या एकाही बाईनं पाण्याची बाटली उघडली नाही. संध्याकाळी एक पोरसवदा शिलाईवाली चक्कर येऊन मशीनवरच कोसळली.

काजवालीच्या घरी कमावणारी ती एकटी. रात्रभर तिनं मनाला समजावलं, गप्प बस, नोकरी सांभाळ. दुसऱ्या दिवशी सुट्टीची घंटा झाली आणि तिनं पुस्तक उघडलं.

शेवटापर्यंत वाचलं. त्या शहरातल्या लोकांना सवय होऊन जाते. एक लहान मुलगी आईला विचारते, दार म्हणजे काय गं? आईला सांगता येत नाही. संपलं.

घास भरवायचं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"हा काय शेवट झाला?" मावशी उखडली. "एवढ्या मोठ्या शहरात एकालाही वाटलं नाही, आपलं दार परत आणावं?"

"नाही वाटलं, मावशी."

"मग मेल्यांनी ठेवली तरी कुठं होती ती दारं?"

"ते लिहिलेलं नाही."

"आपलं जिन्याखाली आहे," मावशी पदर खोचत म्हणाली. "मी बघितलंय."

पुढचं कोणाला सांगावं लागलं नाही. सुई बदलायला प्रत्येकीच्या खणात स्क्रू ड्रायव्हर असतोच. सहाजणींनी दार उचललं, बाकीच्या बिजागऱ्यांना भिडल्या. एक स्क्रू वाकडा गेला, मावशीनं त्याला चार शिव्या हासडल्या, तेव्हा कुठं तो बसला. काजवाली आत गेली आणि तिनं कडी लावली.

घड्याळ धावत आला. "हे कोणी केलं? कोणी वाचलं आज?" बायका दारासमोरून तसूभरही हलल्या नाहीत. शेवटी त्यानं दोघींच्या मधून हात घालून दारावर धाडधाड थापा मारल्या.

"मी वाचलं," आतून काजवालीचा आवाज आला. "तुम्ही नव्वदाव्या पानावर थांबलात, साहेब. आम्ही शेवटपर्यंत वाचलं."

"बाहेर ये आधी!"

खरं तर तिला लागलेली नव्हती. तरी ती आरामात बसून राहिली.

"आत माणूस आहे," ती म्हणाली. "थांबा."